वरदराजाची चूक

"सात तारीख. एक पूर्णांक सहा दोन. आहे?"

"आहे."

"आठ तारीख. एक पूर्णांक सहा नऊ. आहे?"

"आहे."

आवाज पुरुषाचा, पण अजून न पिकलेला. प्रत्येक आकड्यानंतर तो क्षणभर थांबे, झोपाळ्यावर बसलेल्या माणसानं पाय टेकवून पुन्हा रेटा द्यावा तसा, आणि मग पुढची तारीख. एक जण कागदावरून वाचणार, दुसरीनं कार्डावर छापलेलं बघून आहे म्हणायचं. एकतीस कार्डं झाली की अदलाबदल करून पुन्हा पहिल्यापासून. नऊ वर्षं झाली. हा आवाज वेदवतीला कुठंही गाठतो. वेटाळातल्या भांडीवाल्यांचे हातोडे चालू असताना, विड्याची पानं निवडताना, वर्गात फळ्याकडे पाठ वळली की. आणि दर वेळी तिच्या ओठांच्या आत कुणीतरी मुकाट्यानं म्हणतं, आहे.

आज तो आला तो मात्र भर वर्गात, आणि त्याचं कारण कामाक्षीनं टाईप केलेला एक दोन. कुंभकोणाच्या या महाविद्यालयात 'न्युमेरिकल सॉफ्टवेअरची बांधणी' हा विषय वेदवती पाच वर्षं शिकवत होती. प्रयोगशाळेच्या दाराशी चपलांची रांग, आत चार कॉम्प्युटर, त्यांच्यावर मुलींनी स्वतः शिवलेले कापडाचे घुंगट. धूळ आत येऊ नये म्हणून चपला बाहेर, असा नियम. पण मुलं ज्या हळुवारपणानं उंबरा ओलांडत त्यात धुळीच्या भीतीपेक्षा वेगळंच काही असे. विषयाचा पहिला नियम ती पहिल्याच तासाला फळ्यावर लिही: जे वाचलं ते आधी छापा, मग गणित करा. म्हणजे प्रोग्रामला आपण काय खाऊ घातलं ते त्यानं आधी स्वतः बोलून दाखवायचं. त्याप्रमाणे कामाक्षीच्या प्रोग्रामनं छापलं, तर बारा आकड्यांऐवजी तेरा, आणि सर्वांत वर एक एकटा दोन.

"हा दोन कुठला गं?"

कामाक्षीनं मान खाली घातली. शेजारची खुदकन हसली. "मिस, तो दोन नाही. ती पिळ्ळैयारशुळी आहे. मशीनला तमिळ अक्षर येत नाही, तर दोन दिसायला तसाच..."

वर्ग हसला. इथं कुठल्याही कागदाच्या माथ्यावर, वाणसामानाची यादी असो की परीक्षेची उत्तरपत्रिका, गणपतीची ती वळणदार खूण आधी काढतात. बिचारीनं ती डेटाच्या माथ्यावरही काढली होती. मागच्या बाकावरून कुणीतरी तमिळमध्ये म्हणालं, "वरदन पिळै, मिस. दुसरी आवृत्ती." वरदनची चूक. वर्ग आणखी हसला, आणि वेदवतीच्या हातातला खडू दोन बोटांत मोडला. तिनं तास लवकर सोडला. मुली चपला शोधत गेल्या. ती पंख्याखाली बसून राहिली, आणि तो आवाज आला. सात तारीख. एक पूर्णांक सहा दोन.

वरदन पिळै हे नाव हा विषय आधी शिकवणाऱ्या महालिंग सरांनी पाडलं होतं. ते निवृत्त झाले तरी विषयाबरोबर ते नाव वारशानं वेदवतीकडे आलं. सातव्या व्याख्यानात ते उदाहरण घ्यावंच लागे: एका तरुण संशोधकानं नदीच्या पातळ्यांवर प्रोग्राम लिहिला, उत्तर चुकलं, आणि नंतर त्यानं चूक गुपचूप दुरुस्त करून प्रोग्राम पहिल्यापासून बरोबरच होता असं सांगितलं. धडा काय? वाचलेलं आधी छापा, आणि केलेली दुरुस्ती लपवू नका. वेदवती हे पाच वर्षं सांगत होती, सपाट आवाजात, खिडकीबाहेर बघत. आणि दर वर्षी ते वाक्य तिच्या तोंडून निघताना तिला स्वतःच्याच जिभेचा किळस येई. कारण त्या डेटाच्या माथ्यावर काय होतं, हे जगात दोघींनाच ठाऊक होतं. त्यातली एक, तिची आई वेंकटलक्ष्मी, दोन वर्षांपूर्वी गेली.

चौऱ्याऐंशी साल. वरदराज तिच्या पुढं तीन वर्षं, संशोधन करत होता. ती त्याच्या हाताखाली डेटा तपासायला. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहूनही घरी मराठी बोलणारी दोघंच त्या विभागात. बाकीच्यांसमोर तमिळ, आणि आकडे वाचायचे तेव्हा मात्र घरची भाषा. जणू आकडे कुणाला ऐकू जाऊ नयेत. धरणातून पाणी सोडलं की कालव्यांच्या शेवटच्या टोकापर्यंत ते कोणत्या दिवशी पोचेल, हे आधीच सांगता आलं तर शेतकऱ्याला रोपं कधी टाकायची ते ठरवता येईल, असा त्याचा ध्यास. तो सुंदरपेरुमाळ कोयिलचा, शेतकऱ्याचा मुलगा. पाण्याची वाट बघत ओट्यावर बसलेली माणसं त्यानं लहानपणापासून पाहिलेली. महिनाभराच्या पातळ्या, रोजची एक, अशी एकतीस कार्डं त्यानं पाडून घेतली. जाड कागदाची लांबट कार्डं, त्यात बारीक चौकोनी भोकं. उजेडासमोर धरली की भिंतीवर उजेडाचे तांदूळ सांडत. कॉम्प्युटर इथं नव्हता. बसनं तीन तासांवरच्या केंद्रात कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायचं. त्या आठवड्यात वरदराज तापानं पडला. गठ्ठा घेऊन वेदवती निघाली. वडील सोबत होते, पण गठ्ठा तिच्या मांडीवर, बुटांच्या खोक्यात.

निघायच्या आधी आईनं खोकं उघडायला लावलं. आईला अक्षर येत होतं, कार्ड म्हणजे काय ते येत नव्हतं. पण नवी गोष्ट घराबाहेर निघताना तिला हळद लागलीच पाहिजे हे तिला येत होतं. ती ओवीच्या चालीत काही तरी पुटपुटली, तिचीच जुळवलेली:

कोरं गं लुगडं
हळदीचं बोट लावा
मग अंगाशी गं घ्यावा
काठ त्याचा

"भोकं पडलेल्याला कसं गे लावूं हळद? पुसून गेलं तर तुमचें यंत्र रागावेल. कोरें एक नाही काय?" कोरी कार्डं होती, दोन-चार, जास्तीची. आईनं एकाच्या चारी कोपऱ्यांना हळदीचं बोट टेकवलं, आणि वेदवतीनं हसत हसत, आईचं मन राहावं म्हणून आणि खरं सांगायचं तर स्वतःचंही मन राहावं म्हणून, ते कोरं कार्ड पातळ्यांच्या गठ्ठ्यावर, अगदी वर ठेवलं. केंद्राच्या खिडकीशी ते काढून घ्यायचं हे तिच्या मनात होतं. खिडकीशी गर्दी होती. आतल्या माणसानं हात पुढं केला, तिनं खोकं दिलं. बस एवढंच. त्याहून जास्त काही घडलं नव्हतं, आणि हीच गोष्ट पुढं नऊ वर्षं तिला सोसवली नाही: की त्याहून जास्त काही घडलं नव्हतं.

कोऱ्या कार्डाला यंत्र कोरं म्हणत नाही. त्या काळच्या यंत्राला रिकामी जागा म्हणजे शून्य. पहिल्या दिवशी नदी शून्यावर, असं त्यानं मुकाट्यानं मानलं. खरी पहिली तारीख दुसरी झाली, दुसरी तिसरी झाली, एकतीस मोजून झाल्यावर शेवटचं कार्ड न वाचताच राहिलं. कोरड्या पात्रातून एका रात्रीत नदी उसळून आली असं धरून त्यानं पाण्याचा वेग काढला आणि तक्ता छापला. यंत्रानं आक्षेप घेतला नाही. आक्षेप घेण्याची त्याची रीतच नव्हती. दुसऱ्या दिवशी खिडकीतून तक्ता मिळाला, खोकं मिळालं. वेदवतीनं वरचं हळदीचं कार्ड काढून पिशवीत घातलं, कारण आईनं सांगितलं होतं, परत आण, देवापुढं ठेवूं. देव्हाऱ्यातली समई डगडगत होती. आईनं त्या कार्डाची घडी घालून समईच्या बुडाखाली सारली. समई स्थिर झाली. मग वर्षानुवर्षं रोज तिन्हीसांजेला ती ज्योत त्या घडीवर उभी राहून सरळ जळे, आणि वेदवती हात जोडून डोळे मिटून घेई, भक्तीनं नव्हे.

तक्ता घेऊन वरदराज गावी गेला. वडील पांडुरंगराव कागदाला मान देणारे. त्यांनी ओळीतल्या सगळ्या घरांना ओट्यावर बोलावून सांगितलं, माझ्या मुलाचा हिशेब आहे, रोपं टाका. रोपं टाकली. पाणी अकरा दिवस उशिरा आलं. वेदवतीनं ती वाफ्यांतली रोपं पाहिली नव्हती, पण पुढं तिला ती स्वप्नात दिसत: आधी टोकं पिवळी, मग मधोमध भेगाळलेला चिखल, आणि त्या भेगा बारीक चौकोनी. वरदराज परत आला तो तोंड सुकून. त्यानं तीच कार्डं स्वतः केंद्रात नेली, पुन्हा चालवली. उत्तर बरोबर आलं. पाणी ज्या दिवशी आलं तोच दिवस, अर्ध्या दिवसाचाही फरक नाही. तो हर्षानं नव्हे, भीतीनं पांढरा पडून महालिंग सरांकडे गेला. तोच प्रोग्राम, तीच कार्डं, दोन उत्तरं. सर म्हणाले, यंत्र दोन उत्तरं देत नाही, माणूस देतो. तू मधे प्रोग्राम बदललास. तो म्हणाला, नाही. सर म्हणाले, चूक माफ करतां येते, खोटं नाही.

लांब टेबल होतं, भोवती विभागातले सगळे. वर पंखा, टेबलावर पसरट पितळी डबऱ्यात निवत चाललेली कॉफी. सरांनी वेदवतीकडे वळून विचारलं, "गठ्ठा तू नेलास. त्यात कुणी काही हलवलं? घातलं? काढलं?" आणि त्या तीन शब्दांतल्या मधल्या शब्दाशी तिला सगळं कळलं. एका क्षणात, एखाद्या लख्ख चौकोनी भोकातून उजेड यावा तसं. कोरं. शून्य. एकतिसावं. तिच्या तोंडाशी शब्द आले. आणि त्याच क्षणी तिला दिसलं की हे सगळे गणिती हसणार आहेत. रागावणार नाहीत, हसणार. एम्‌एस्सीला पहिली आलेली मुलगी कार्डाला हळद लावते. विभागातली एकच मुलगी. पुढच्या मुलीला ते घेतील का? आई काय म्हणेल? हे सगळं तिनं नंतर जुळवलं. त्या क्षणी फक्त कानशिलं तापली होती. ती म्हणाली, "नाही, सर." वरदराजानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. त्याचं संशोधन त्या महिन्यात थांबलं. तो गावच्या शाळेत गणित शिकवू लागला.

आणि मग पत्रं. दर वर्षी एक, निळं अंतर्देशीय, घरची मराठी तमिळ अक्षरांत लिहिलेली. 'वेदवतीस आशीर्वाद. चौदाव्या ओळीत वजाचं चिन्ह पाहावें. तिथें घोळ असेल असें वाटतें. कळवावें.' ती कागद-पेन्सिल घेऊन बसे. चौदावी ओळ खरंच तपासे. तिथं काही नाही हे तिला बसण्याआधीच ठाऊक असे, तरी तपासे, दोन पानं गणित करी, आणि कळवी: 'चौदावी ओळ निर्दोष आहे.' पुढल्या वर्षी बाविसावी. त्याच्या पुढल्या वर्षी भागाकारातली बाकी. त्याचं अक्षर दर वर्षी जरा बारीक होत गेलं, जणू प्रोग्रामात आणखी खाली वाकून बघायचं म्हणून. आठ पत्रं. आठ उत्तरं. कधी कधी तिला वाटे, हाच आपला संसार. ती तिशी ओलांडलेली, अविवाहित. तो कुणाशी लग्न न केलेला. आणि त्यांच्यामध्ये एकशेदहा ओळींचा एक प्रोग्राम, ज्यात कुठंच चूक नाही.

नववं पत्र परवा आलं होतं. तीनच ओळी. 'सांपडली. एका चलाला मी सुरुवातीची किंमत दिलीच नव्हती. यंत्राच्या स्मृतीत आधीचं जें पडलें असेल तें त्यानें घेतलें. म्हणून दोन वेळां दोन उत्तरें. चूक माझीच. आतां वर्गात खुशाल सांग.' वेदवतीनं ते पत्र वाचून पदराखाली दडवलं होतं, घरात कुणी नसताना. किती बरोबर शोधून काढलं होतं त्यानं. असं खरंच होतं. ती स्वतः नवव्या व्याख्यानात हे शिकवते. फक्त त्या केंद्रातलं ते यंत्र प्रत्येक कामाआधी स्वतःची स्मृती पुसून शून्य करून घेई, हे त्याला माहीत नव्हतं आणि तिला होतं. परवापासून ती स्वतःला समजावत होती: त्याला कारण मिळालं. खोटं का असेना, कारण. माणसाला झोप लागायला कारण पुरतं. आपण आता काही बोलायचं नाही हेच बरं. अगदी पटत आलं होतं. आणि आज कामाक्षीच्या त्या एकट्या दोनावर सगळा वर्ग हसला, कामाक्षीसुद्धा हसली, दोन पुसून टाकला, प्रोग्राम पुन्हा चालवला, आणि बाराच्या बारा आकडे सरळ खाली उतरले. नऊ वर्षांपूर्वीही एवढंच लागलं असतं. एक हसू.

रविवारी दुपारी ती पॅसेंजरनं निघाली. स्वामिमलैला डबा निम्मा रिकामा झाला. पुढचं स्टेशन सुंदरपेरुमाळ कोयिल. दोन्ही बाजूंना रोपं लागलेली, पाण्यात आभाळ. तिनं तिकडे पाहिलं नाही. दार वरदराजाच्या बहिणीनं, तुळशीनं, उघडलं.

"वेदवतीअक्का? ये, ये. अण्णा, कोण आली बघा. किती वाळलीस गे. कुंभकोणांत तांदूळ मिळत नाही काय?"

आत झोपाळ्यावर पांडुरंगराव, पांढरी दाढी, एक पाय दुखरा म्हणून उशीवर. वरदराज माजघरातून आला. कपाळावरचे केस गेलेले. पण तो हसत होता. तिनं त्याला असं हसताना चौऱ्याऐंशीनंतर पाहिलं नव्हतं.

"पत्र पोचलें?"

"पोचलें."

"बघ, किती साधें. नऊ वर्षें मी गणितांत शोधत होतों. गणित बरोबरच होतें. भांडें न धुतां भात शिजवला, इतकीच चूक." त्यानं तिच्यापुढं वही उघडली. सगळ्या एकशेदहा ओळी हातानं उतरलेल्या, त्या एका चलाभोवती तांबडं वर्तुळ. "आणि ऐक. मी अप्पांस सांगितलें. चूक माझी, खोटं मात्र बोललों नव्हतों. अप्पा, सांगा हिला."

पांडुरंगराव झोपाळा थांबवून म्हणाले, "नऊ वर्षें हा माझ्या पंक्तीस बसला नव्हता, पोरी. चूक कबूल करत नाही तोंवर बसूं नकोस म्हणालों मी. माझ्या शब्दावर साऱ्या ओळीनें रोपें टाकलीं होतीं. काल म्हणाला, चुकलों. काल बसला. संपलें."

"दोन वेळा भात मागितला अण्णांनीं," तुळशी म्हणाली. "मला परत कुकर लावावा लागला. चुकीची एवढी भूक असते हें मला ठाऊक नव्हतें."

तिघं हसली. वेदवतीपुढं कॉफी आली. तिनं ती हातात धरली, पेला ओठांना लावला नाही. इथून उठता येईल, तिला वाटलं. कॉफी प्यायची, वही बघून होय म्हणायचं, चारची गाडी. काल तो बसला. बापलेकांच्या मधली पंगत जुळली, ती एका चुकीवर जुळली, जी त्यानं केलेलीच नाही. आपण बोललो तर ती मोडेल का? की आपण गप्प राहिलो तर तो उरलेला जन्म त्या पानावर बसून जेवेल, जे त्याच्यासाठी वाढलेलंच नव्हतं? तिला फक्त एवढं दिसलं की वरदराजाचं बोट त्या तांबड्या वर्तुळावर ठेवलेलं आहे, आणि तो तिच्या होकाराची वाट बघतो आहे. आठ वर्षं त्याच विश्वासानं वाट पाहिली तशी. तिनं तपासलं म्हणजे तपासलं.

"तपासून बघ," तो म्हणाला. "तूं 'सरी, बरोबर आहे' म्हणालीस म्हणजे झालें."

वेदवतीनं पेला खाली ठेवला. वही मिटली.

"ती चूक नव्हें," ती म्हणाली. "तें यंत्र दर कामाआधीं स्मृतींतलें अस्कं पुसून शून्य करी. तुमच्या प्रोग्रामांत चूक नाही. कधींच नव्हती."

"मग?"

झोपाळ्याची कडी करकरली आणि थांबली. तिला वाटलं होतं आवाज कापेल. तो कापला नाही, वर्गातला सपाट आवाजच निघाला.

"मी एक कोरें कार्ड वर ठेवलें होतें. आईनें हळद लावून दिलें होतें. काढायचें राहिलें. यंत्रानें तें शून्य म्हणून वाचलें. परत आल्यावर मी तें काढून घरीं नेलें, म्हणून तुम्हांला दुसऱ्यांदा बरोबर उत्तर मिळालें. सरांनीं विचारलें तेव्हां मला कळलें होतें, आणि मी नाही म्हणालें, कारण मला हसतील अशी लाज वाटली." तुळशी दारात उभी होती, हात पदरात. पांडुरंगराव मुलाकडे बघत होते, तिच्याकडे नाही. वरदराजाचं बोट मिटलेल्या वहीवर तसंच होतं. अजून एक उरलं होतं, आणि तेच सगळ्यांत जड होतं, हे तिला आत्ता, बोलता बोलता कळलं.

"तेंही एक वेळ जाऊं दे. पण तुम्ही आठ पत्रांत मला विचारलें, आणि मी आठही वेळां, ठाऊक असून, गणित करून उत्तर दिलें."